माय माफी

इब्रीच्या सनायात, टायरवाल्या पठाणाच्या पलीकडे
खल्फानची गाडी तीन दिवस उभी आहे.
गाडी कसली, घरच ते. आत ओटा, पलंग,
खिडकीला झालर, बेसिनपाशी बायकोच्या गोळ्यांचा डबा.
शारजाच्या लिलावात घेतलेलं जुनं डिझेल,
माझ्या नोकरीहून चार वर्षांनी मोठं.

डॅशबोर्डवर लाल दिवा.
खल्फान बोट दाखवतो, "माय माफी."
म्हणजे पाणी नाही.
एकवीस वर्षांत इथली बोली तोंडात बसली,
तरी हे दोन शब्द शेजारी आले
की कान आधी चिपळूणला जाऊन येतो.

टाकी आज सकाळी उघडली, इंजिन थंड असताना.
काल घाई केली होती. गरम झाकण उघडू नये
हे मीच पोरांना शिकवतो,
आणि फोड माझ्याच तळहाताला.
पाणी काठोकाठ.
झाकणाचं रबर शाबूत, प्रेशर धरतंय.
पलंगाखालून हीटरकडे जाणारे पाइप चाचपले,
गालिचा उचलून नाक लावलं,
गळती असती तर गोडसर वास आला असता.
आला तो लोबानाचा.
मागचा रेडिएटर धुतला, निम्मं वाळवंट निघालं.
शफीकुल खालून ओरडला, "सुखा है, उस्ताद!"
दिवा लालच.

सेन्सर म्हणजे काय, टाकीत सोडलेली एक सळई.
पाण्यातून करंट पलीकडे पोचला
तर तिला कळतं, पाणी आहे.
नाही पोचला तर बोंब मारते.
सळई घासली. अर्थची वायर बदलली.
सेन्सरची वायर काढून बॉडीला टेकवली
तर दिवा विझला, शहाण्यासारखा.
म्हणजे दिवा खरा, वायर खरी,
सळईही बहुतेक खरीच.
मग खोटं कोण?

शेवटी विचारलं, "खल्फान, पाणी कुठलं घालतोस?"
त्यानं अभिमानानं कॅन पुढे केला,
एसीच्या नळीखाली रात्र रात्र ठेवलेला, थेंब थेंब साठवलेला.
विहिरीच्या पाण्यानं क्षार धरतो
हे त्याला मीच कधीतरी सांगितलेलं.
"यापेक्षा स्वच्छ पाणी नाही," म्हणाला.

स्वच्छच होतं.
इतकं, की त्यातून करंट जाईना.
ना मीठ, ना माती.
टाकी भरलेली, आणि सळईच्या लेखी ठणठणीत कोरडी.

मी बाकड्यावर बसलो. चहाची साय झाली.
दर शुक्रवारी आईला फोन.
जेवलास काय? जेवलो.
तब्येत? मस्त.
काम? चालू आहे.
एका शब्दाला डाग नाही.
आणि ती दर वेळी मध्येच विचारते,
"तू आहेस ना रे तिकडे?"
मला वाटायचं, नेटवर्क.

निम्मं पाणी सोडून दिलं, हिरवं कूलंट घातलं,
हीटर चालू ठेवून हवा काढली,
बुडबुडे येत राहिले, बराच वेळ.
दिवा दोनदा लुकलुकला आणि गेला.
"माय फी!" खल्फान हसला, पाणी आहे,
आणि पैशांवर खजुराची पिशवी ठेवून
बायकोला हाका मारत निघाला.

शुक्रवारी मी सांगितलं, हात भाजलाय.
पलीकडे क्षणभर काहीच नाही.
मग : कुठला हात? उजवा?
गरम झाकण उघडायला कोणी सांगितलेलं?
एवढा मोठा घोडा झालास,
तूप लावलंस काय, भाकरी कोण करतं,
आणि मागच्या मे महिन्यात आवाज बसला होता तेव्हाही
काही बोलला नव्हतास, मला कळलं नाही असं समजू नकोस.
वीस मिनिटं शिव्या.
फोन कानाला तापला.

खल्फानच्या कॅनमधलं उरलेलं पाणी
मी फेकलं नाही.
बॅटऱ्यांना चालतं.